कुत्र्याच्या अंगावरची गाठ बसते आणि परत येते: काय पाहायचं, दवाखान्यात कधी न्यायचं

तक्रार बहुतेक घरांतून अशीच ऐकायला मिळते. "मध्यंतरी मांडीवर गाठ आली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बसली. आता परत आली." नाहीतर, "पायाच्या बोटांमध्ये फोड येतो, फुटतो, सुकतो आणि पुन्हा तिथेच येतो." गाठ बसली की आपला जीव भांड्यात पडतो. परत आली की कपाटातलं तेच मलम, त्याच गोळ्या बाहेर निघतात. माझं सांगणं एकच आहे: गाठ परत आली तर औषध बदलण्याआधी ती कशाची आहे ते शोधा.

आणि ते हाताला कळत नाही. "मऊ आहे, हलते आहे, दुखत नाही, म्हणजे चरबीची" असं सर्रास सांगितलं जातं. पुष्कळदा ते खरंही निघतं, कारण मध्यम वयानंतर, विशेषतः वजनदार कुत्र्यांमध्ये, चरबीच्या गाठी म्हणजे लायपोमा भरपूर होतात आणि त्या निरुपद्रवी असतात. पण मास्ट सेल ट्यूमर हा कुत्र्यांच्या त्वचेवर सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक, आणि तोही बोटांना अगदी चरबीच्या गाठीसारखाच मऊ आणि हलता लागू शकतो. वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्या पशुवैद्यालाही नुसतं चाचपून छातीठोकपणे फरक सांगता येत नाही. तेव्हा आपण घरी बसून सांगू नये.

आधी ती गाठच आहे ना?

हे हसण्यावारी नेऊ नका. नर कुत्र्यालाही पोटावर स्तनाग्रं असतात, आणि केस कापल्यावर तीच "नवीन गाठ" म्हणून दवाखान्यात पोचतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड कानामागे किंवा मानेखाली चिकटलेली असते, ती राखाडी, गुळगुळीत आणि एरंडीच्या बीएवढी दिसते. केस बाजूला करून उजेडात नीट बघा, बुडाशी बारीक पाय दिसतील. गोचीड ओढून काढल्यावर त्या जागी लहानशी कडक गुठळी राहते, ती काही आठवड्यांत आपोआप विरते. मात्र गोचीड निघाली आणि पुढच्या दिवसांत कुत्रं मलूल झालं, ताप आला, खाणं सोडलं, तर गुठळी सोडा आणि आधी रक्त तपासा, कारण गोचीड-ताप आपल्याकडे घरोघरी होतो.

लस टोचलेल्या जागीही छोटी गाठ येते आणि महिन्याभरात जाते. महिना उलटूनही राहिली, किंवा वाढत चालली, तर दाखवायची.

बोटांमधला फोड

सारखा परत येणारा हा सगळ्यात चिवट प्रकार. पावसाळा संपून गवत वाळायला लागलं की माळावर, टेकडीवर, मोकळ्या प्लॉटवर फिरणाऱ्या कुत्र्यांच्या बोटांमध्ये कुसळं शिरतात. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कातडीत घुसलं की आत पू धरतो, फोड फुटतो, कुत्रं चाटून चाटून जागा साफ करतं, वरून सुकतं. कुसळ मात्र आतच असतं. पुढच्या महिन्यात शेजारीच दुसरं तोंड फुटतं. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि बंद केलं की परत सुरू, हे आत काहीतरी राहिल्याचं जवळजवळ ठरलेलं लक्षण आहे. अशा वेळी गोळ्यांचा तिसरा कोर्स मागू नका, जागा उघडून आत बघायला सांगा.

इथे एक गोष्ट घरबसल्या करता येते. चारही पाय तपासा. फोड एकाच पायाला, एकाच बोटाजवळ पुन्हा पुन्हा येत असेल तर कुसळ, काच, काटा किंवा त्या बोटाचाच काही आजार संशयित. दोन-तीन पायांना आलटून पालटून येत असेल तर प्रश्न सगळ्या अंगाचा आहे: ॲलर्जी, डेमोडेक्स नावाची कातडीतली सूक्ष्म किडी, किंवा अतिवजन, ज्यामुळे पंज्याचा केसाळ भाग जमिनीला घासून केस आत वळतात. आखूड आणि राठ केसांच्या लॅब्रॅडॉर, बुलडॉगला हे जास्त होतं. डॉक्टर पात्याने कातडी थोडी खोल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यात डेमोडेक्स असेल तर सहसा सापडतो. पू तपासायला पाठवून कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल तेही कळतं. अंदाजाने औषधं बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

एक इशारा. एकच बोट सुजलंय, नख सैल झालंय किंवा गळून पडलंय आणि जखम भरतच नाही, असं असेल तर एक्स-रे काढून घ्या. नखाच्या मुळाशी होणारा कर्करोग असाच "बोटाचा साधा संसर्ग" म्हणून महिनोन्महिने अंगावर काढला जातो. काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये तो जास्त दिसतो.

कान, कोपर आणि मागची बाजू

कानाची पाळी अचानक फुग्यासारखी भरली तर आत रक्त साचलेलं असतं. सुईने काढलं की पाळी सपाट होते आणि पुष्कळदा पुन्हा भरते. कारण कुत्रं डोकं झटकायचं थांबलेलं नसतं, आणि डोकं झटकतं ते कानाच्या आतल्या खाजेमुळे. कानातला संसर्ग बरा केल्याशिवाय पाळी बरी होत नाही.

कोपरावरची पाण्याची मऊ गाठ मोठ्या, जड कुत्र्यांना होते. दिवसभर शहाबादी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर आदळून बसल्याने तिथे पाणी धरतं. ती सुईने रिकामी करायचा आग्रह धरू नका. पुन्हा भरते, आणि टोचताना जंतू आत गेले तर साध्या पाण्याचा पू होतो. जाड गादी घाला, दोन-तीन ठिकाणी घाला, कारण गादी एकीकडे आणि कुत्रं पंख्याखाली, असंच होतं. वजन उतरवा.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजता काटा असतो त्या जागी, गुदग्रंथी असतात. त्या तुंबल्या की कुत्रं बूड घासत चालतं, एका बाजूला सूज येते, ती फुटून रक्तमिश्रित पू येतो. हे वारंवार होत असेल तर आहार, ॲलर्जी आणि वजन या तिन्हींचा विचार डॉक्टरांसोबत करावा लागतो. पण तिथे न दुखणारी कडक गोळी लागत असेल आणि कुत्रं नेहमीपेक्षा जास्त पाणी पिऊन जास्त लघवी करत असेल, तर थांबू नका. त्या ग्रंथीच्या कर्करोगात रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि तहान त्यामुळे लागते. नसबंदी न केलेल्या वयस्कर नरांना गुदद्वाराभोवती गाठी येतात, त्यातल्या बऱ्याचशा साध्या असतात. तिथे गाठ काढण्याबरोबर नसबंदी केली नाही तर नवीन येत राहतात.

पाठीवर, मानेवर येणारी, दाबली की पांढरट चिकट माल बाहेर येणारी गाठ ही बहुधा कातडीतली पिशवी असते. दाबून रिकामी करायचा मोह आवरा. पिशवीचं अस्तर आतच राहतं म्हणून ती परत भरते, आणि दाबताना आतल्या आत फुटली तर भोवतीची कातडी लालबुंद होऊन सुजते. कायमची घालवायची तर अस्तरासकट काढावी लागते. त्रास देत नसेल तर तपासून घेऊन तशीच ठेवली तरी चालते.

गल्लीतल्या भांडणानंतर दोन-चार दिवसांनी येणारी गरम, दुखरी सूज म्हणजे चाव्याचं गळू. दाताचं भोक वरून लगेच मिटतं, आत पू साठतो. चावणारं कुत्रं अनोळखी असेल तर गळू फोडण्यावर भागत नाही. लसीकरण झालेल्या कुत्र्यालाही रेबीजचा पुढचा डोस लगेच द्यावा लागतो, आणि जखम हाताळताना आपण हातमोजे घालायचे.

इंजेक्शनने बसलेली गाठ

ही गोष्ट सगळ्यात कळकळीने सांगायची आहे, कारण इथे वेळ हातातून जातो.

आमच्या सोसायटीत एक आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. त्याच्या मागच्या मांडीवर वाटाण्यापेक्षा थोडी मोठी गाठ आली. कधी लाल दिसायची, कधी फिकी. चाटली की दुपारपर्यंत दुप्पट व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लहान. एका दवाखान्यात ॲलर्जी म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं. आठवड्यात गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली आणि घरच्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. पुढे ती परत आली, परत इंजेक्शन, परत बसली. तिसऱ्या खेपेला ती लिंबाएवढी होती. दुसऱ्या डॉक्टरांनी सुई घालून तपासलं आणि मास्ट सेल ट्यूमर निघाला. ऑपरेशन झालं, कुत्रं आज आनंदात आहे, पण जिथे चार टाक्यांत काम झालं असतं तिथे अर्धी मांडी उघडावी लागली.

हे असं का होतं? मास्ट सेल या शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या पेशी. त्यांच्या आत हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाच्या बारीक कण्या भरलेल्या असतात. गाठ चोळली, चाटली, दाबली की त्या फुटतात आणि गाठ फुगते, लाल होते, खाजते. काही तासांनी ओसरते. म्हणून लहान-मोठी होणारी गाठ साधी समजू नये, उलट तिचाच संशय आधी घ्यावा. स्टेरॉइडने यातल्या काही पेशी मरतात, सूज उतरते, गाठ तात्पुरती आक्रसते. मूळ मात्र जागेवर राहतं. लिम्फोमा या रक्ताशी संबंधित कर्करोगातही हेच होतं: प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गाठी झपाट्याने विरतात, नंतर तपासणीत निदान धूसर येतं, आणि पुढच्या केमोथेरपीला आजार तितकासा दाद देत नाही.

त्यामुळे गाठीवर स्टेरॉइड देण्याची वेळ आलीच तर डॉक्टरांना आधी विनंती करा, "याआधी सुईने तपासून घेऊया का?" हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, हे मी समजू शकतो. चांगला पशुवैद्य या प्रश्नाने दुखावत नाही.

बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत मास्ट सेलचं प्रमाण जास्त. गावठी कुत्र्यांना होत नाही असं मात्र अजिबात नाही. गाठीबरोबर उलट्या होत असतील किंवा शी डांबरासारखी काळी होत असेल तर त्याच दिवशी न्या. गाठीतून सुटलेल्या हिस्टामिनमुळे पोटात आम्ल वाढून व्रण झालेले असू शकतात.

सुईची तपासणी म्हणजे नेमकं काय

लोक "बायोप्सी" ऐकून घाबरतात, आणि गाठीला सुई लागली की कर्करोग पसरतो असंही कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या भीतीपायी तपासणी टाळून होणारं नुकसान कितीतरी मोठं आहे.

एफएनएसी म्हणतात ती तपासणी बहुतेक गाठींसाठी भूल न देता होते. लस टोचतात तसलीच बारीक सुई. आपला एक हात कुत्र्याच्या मानेशी, दुसरा छातीखाली, त्याच्या तोंडासमोर बिस्किट. डॉक्टर गाठ दोन बोटांत धरतात, सुई आत घालून चार-सहा वेळा पुढे-मागे करतात आणि काढतात. मग सिरिंजमध्ये हवा भरून सुईच्या पोकळीत आलेला थेंबभर माल काचपट्टीवर उडवतात, दुसऱ्या काचपट्टीने पसरवतात, वाळवतात, रंग लावतात. चरबीची गाठ असेल तर काचेवर तेलकट थेंब दिसतात जे वाळतच नाहीत. मास्ट सेल असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जांभळ्या कण्यांनी खच्चून भरलेल्या दिसतात. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर काचपट्ट्या पॅथॉलॉजी लॅबला जातात.

प्रत्येक गाठ वेगळी तपासायची. छातीवरची चरबीची निघाली म्हणून पोटावरचीही चरबीचीच, असं धरून चालत नाही. कधी कधी सुईत पुरेशा पेशी येत नाहीत, स्नायू किंवा तंतूंपासून झालेल्या कडक गाठींत हे जास्त होतं. तेव्हा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. "काही आलं नाही" याचा अर्थ "काही नाही" असा लावू नका.

मोठ्या शहराबाहेर ही सोय कुठे मिळेल असं विचारणाऱ्यांसाठी: महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळला आहेत, अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात आणि जे एकोणिसाव्या शतकापासून जनावरांसाठी उभं आहे. जवळ यातलं काहीच नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काचपट्टी तयार करून ती लॅबला पाठवता येईल का, हे विचारा.

किती थांबायचं

पशुवैद्यकांमध्ये एक सोपा हिशेब चालतो: गाठ एक सेंटीमीटर म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी झाली असेल, किंवा महिनाभर टिकली असेल, तर सुईने तपासायची. दोन्हींपैकी एक पुरे. परत आलेल्या गाठीला मी महिन्याची सवलतही देणार नाही, आठवड्याभरात दाखवा.

काही गाठींना खरंच वेळ देता येतो. तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या तोंडावर, कानावर किंवा पायावर लाल गुळगुळीत बटणासारखा उंचवटा आला तर तो बहुधा हिस्टिओसायटोमा असतो, दोन-तीन महिन्यांत स्वतःच जातो. पिल्लांच्या ओठांवर, तोंडात विषाणूमुळे चामखिळी येतात, त्याही जातात. त्या इतर कुत्र्यांना लागतात, माणसांना नाही. पण हे "बहुधा" एकदा तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या.

मादीच्या बाबतीत थांबणं नाहीच. काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंच्या स्तनांच्या रांगा दर महिन्याला बोटांनी चाचपा, ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी लागली तरी दाखवा. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकी साधारण निम्म्या कर्करोगाच्या निघतात. पहिल्यांदा माजावर येण्याआधी किंवा त्यानंतर लवकर नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये या गाठी फारच कमी दिसतात. मोठ्या जातींत नसबंदी कधी करावी हे सांध्यांचाही विचार करून ठरवतात, म्हणून वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना सारख्या, न दुखणाऱ्या गाठी लागल्या तर त्या कातडीच्या नसून लसीका ग्रंथी सुजलेल्या असतात. गोचीड-तापातही सुजतात आणि लिम्फोमातही. रक्ततपासणी आणि सुई, दोन्ही लागतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची काळजी घेणाऱ्यांना टीव्हीटी माहीत असेलच. समागमातून आणि हुंगण्या-चाटण्यातून एका कुत्र्याच्या जिवंत पेशी दुसऱ्याला लागून हा ट्यूमर वाढतो. लघवीच्या जागी मांसल, रक्ताळलेली गाठ दिसते, कधी नाकातही. मादीच्या बाबतीत रक्त बघून "माजावर आहे" असं समजून महिने जातात. व्हिन्क्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाची आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं शिरेतून दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. गाठ दिसेनाशी झाली म्हणून मधेच सोडलं तर परत येते. कुत्रं पकडून दर आठवड्याला नेणं किती कठीण आहे हे ठाऊक असूनही सांगतो, कोर्स पुरा करा.

आणि त्याच दिवशी, गरज पडली तर रात्रीही न्यायचं ते असं: सूज काही तासांत वाढते आहे, विशेषतः तोंड किंवा मान सुजून श्वासाला त्रास होतोय, साप चावल्याची शंका आहे, रक्त थांबत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, पोटावरचा किंवा जांघेतला फुगवटा अचानक कडक होऊन कुत्रं उलट्या करतंय, किंवा फुटलेल्या गाठीला कुजका वास येतोय. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली तर एका दिवसात अळ्या होतात, वरचे केस तसेच राहतात आणि आत पोकळी होते.

घरी काय लावू नका

फिनाईल, चुना, रॉकेल, बॅटरीतलं पाणी यांतलं काहीही नाही. अळ्यांवर फिनाईल ओतलं की ते कातडीतून आणि चाटून पोटात जातं. टी ट्री ऑइल "नैसर्गिक" असलं तरी कुत्र्यांना विषारी आहे. हळदीने कर्करोग जात नाही, आणि पिवळ्या रंगामुळे डॉक्टरांना लाली दिसत नाही. माणसांच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला इजा होते. गाठ चाटू नये म्हणून गळ्यात कोन घाला आणि मिठाच्या कोमट पाण्याने फुटलेली जागा पुसा, तोवर एवढं पुरे.

दवाखान्यात जाताना गाठीचे फोटो न्या, शेजारी शिवणाच्या टेपचा तुकडा धरून काढलेले. पहिल्यांदा कधी दिसली, कितीदा बसली, तेव्हा कोणतं औषध चालू होतं, हे कागदावर लिहा. जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. "डेक्सा" किंवा "प्रेडनि" अशी अक्षरं, म्हणजे स्टेरॉइडची नावं, त्यावर असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. एकाहून जास्त गाठी असतील तर घरून निघताना त्यांच्याभोवती केस कातरून स्केच पेनाने खूण करा. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याच्या अंगावर घरी सापडलेली गाठ हमखास सापडत नाही.

ऑपरेशन ठरलं तर त्याआधी प्लेटलेट मोजून घ्या, कारण छुप्या गोचीड-तापात त्या घसरलेल्या असतात आणि टेबलावर रक्तस्राव आवरत नाही. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, पाठवायला सांगा, ती दिसायला कितीही साधी असो. त्या अहवालात गाठीच्या कडा स्वच्छ आल्या की नाही हे लिहिलेलं असतं. कडेला पेशी राहिल्या असतील तर ती जागा पुन्हा कापायची की लक्ष ठेवायचं, हे टाके निघायच्या भेटीतच डॉक्टरांशी बोलून ठरवा.